घोणसाचे विष आणि रक्त गोठण्याचे शास्त्र

ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी, अकलोली नावाचे गाव आहे. मुंबईची मंडळी हे गाव ओळखतात ते तिथल्या ऊन पाण्याच्या कुंडांमुळे. वज्रेश्वरीचे दर्शन घ्यायचे, अकलोलीला अंग शेकायचे आणि गणेशपुरीवरून परतायचे, असा त्यांचा शिरस्ता. पण आषाढ-श्रावणात या भागातला शेतकरी गुडघाभर चिखलात भाताची लावणी करीत असतो, आणि दिवाळीच्या आगेमागे कापणीला वाकलेला असतो. खाचरात, बांधाच्या बिळात, उडवीखाली उंदीर असतात. आणि जिथे उंदीर, तिथे साप हे काही वेगळे सांगायला नको.

पण श्रोते हो, आज जी हकीकत सांगायची आहे ती नुसती सापाची नव्हे. ती आहे रक्ताची. रक्त गोठते कसे, कधी कधी ते गोठत का नाही, आणि कधी नको त्या ठिकाणी गोठून माणसाचा घात का करते, हे कोडे सोडवायला जगातल्या संशोधकांना पावणेदोनशे-दोनशे वर्षे लागली. त्या कोड्याची एक किल्ली आपल्याच बांधावरच्या सापाच्या तोंडात होती. आणि ती हाती लागण्याचे काही काम अकलोलीहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल अशा ठिकाणी, म्हणजे मुंबईच्या परळात झाले.

आधी साधी गोष्ट घेऊ. कापणी करताना बोटाला विळा लागतो. रक्त येते, आपण बोट दाबून धरतो, आणि चार-सहा मिनिटांत रक्त थांबते. हे रोजचेच, म्हणून त्याचे नवल वाटत नाही. पण विचार करा, हेच रक्त शरीरात जन्मभर पातळ राहून वाहत असते. जखम होताच तेवढ्याच जागी ते घट्ट कसे होते? तर आपल्या रक्तात फायब्रिनोजेन नावाचा एक पदार्थ विरघळलेला असतो. जखम झाली की त्याचे बारीक, चिवट धागे बनतात; त्या धाग्यांना फायब्रिन म्हणतात. त्यांच्या जाळ्यात रक्तातल्या पेशी अडकतात आणि जखमेच्या तोंडावर बूच बसते. दुधात चमचाभर विरजण पडले की भांडेभर दही लागते, तसेच काहीसे हे. फरक इतकाच की रक्ताचे विरजण जखमेपाशी तयार होते, आणि काम झाले की शरीर स्वतःच ते आवरते.

हे विरजण नेमके कोणते, हा जुना प्रश्न. इटलीतल्या फोंताना नावाच्या शास्त्रज्ञाने १७८१ साली सापाच्या विषावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिकडच्या एका विषारी सापाचे विष त्याने जनावरांच्या शिरेत टोचून पाहिले, तेव्हा त्यांचे रक्त शिरेतल्या शिरेत गोठलेले त्याला आढळले. त्याच सुमारास आपल्याकडे पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आंध्रच्या किनाऱ्यावर विशाखापट्टणला होता. त्याने तिथले साप गोळा केले, त्यांची स्थानिक नावे टिपून घेतली, चित्रे काढविली, आणि कोणता साप विषारी व कोणता बिनविषारी याची कोंबड्या-कुत्र्यांवर परीक्षा केली. त्याचे पुस्तक १७९६ साली निघाले. त्याने वर्णिलेल्या एका जहाल सापाला पुढे त्याचेच नाव मिळाले, आणि इंग्रजीत आजही तो रसेलचा साप म्हणूनच ओळखला जातो. तोच आपला घोणस. काही भागांत त्याला परड म्हणतात. जाड अंग, तिकोनी डोके, पाठीवर साखळीसारख्या लांबट ठिपक्यांच्या तीन ओळी, आणि चिडला की कुकरची शिटी वाजावी तसा फुत्कार. पुष्कळ लोक त्याला अजगराचे पिल्लू समजतात आणि तिथेच फसतात.

यानंतर शंभर वर्षांनी गोष्ट परळला येते. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्देमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस तयार केली, आणि त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नरच्या बंगल्यात आली. हीच आजची हाफकिन संस्था. १९२५ पासून तिला हे नाव आहे. प्लेगसाठी उभारलेल्या या प्रयोगशाळेत विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी जॉर्ज लँब नावाचे एक लष्करी डॉक्टर सापांच्या विषाचा अभ्यास करीत होते. त्यांनी नाग आणि घोणस यांची विषे शेजारी शेजारी ठेवून तपासली.

नागाचे विष मुख्यतः मज्जातंतूंवर जाते. पापण्या मिटू लागतात, श्वास अडतो. घोणसाची तऱ्हा वेगळी. त्याचे विष भरपूर प्रमाणात एकदम रक्तात गेले तर रक्त तिथल्या तिथे गोठते. पण थोडे थोडे गेले तर उलटेच घडते: रक्त गोठण्याची शक्तीच हरवून बसते आणि तासन् तास पाण्यासारखे पातळ राहते. एकच विष, आणि परिणाम मात्र दोन टोकांचे! हे कसे?

उत्तर समजायला सोपे आहे. घोणसाचे विष म्हणजे न मागता पडलेले विरजण. ते साऱ्या अंगभर बारीक बारीक गाठी करीत सुटते. त्या गाठी शरीर विरघळविते, पुन्हा नव्या होतात. या गडबडीत फायब्रिनोजेनचा सगळा साठा संपून जातो. लग्नघरात पहिल्याच पंगतीला कोठीतले सगळे धान्य शिजवून टाकले, तर पुढच्या पंगतीला काय वाढणार? तशी रक्ताची गत होते. मग हिरड्यांतून रक्त येते, जुन्या खरचटण्यातून येते, लघवीतून येते, कधी मेंदूत स्राव होतो. मूत्रपिंडालाही जबर इजा होते आणि लघवी कमी होते. घोणसाचा चावलेला माणूस कित्येकदा विषाने दगावत नाही. दोन-चार दिवसांनी मूत्रपिंडे बंद पडून दगावतो, ते यामुळे.

लँब यांनी दुसरीही एक मोलाची गोष्ट दाखविली. फ्रान्सच्या काल्मेत यांनी १८९० नंतरच्या दशकात नागाच्या विषावर प्रतिविष तयार केले होते आणि ते सगळ्या सापांवर चालेल असा त्यांचा समज होता. लँब यांच्या प्रयोगांत ते घोणसाच्या विषापुढे निकामी ठरले. ज्या सापाचे विष, त्याच सापावरचे प्रतिविष हवे, हा धडा त्यातून मिळाला. म्हणूनच आज आपल्या सरकारी दवाखान्यांत जी सर्पदंशाची लस मिळते, ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांची विषे घोड्यांना अगदी थोड्या मात्रेने टोचून, त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यापासून बनविलेली असते.

आता गोष्ट लंडनला जाते. तिथे मॅकफार्लेन नावाचा एक तरुण डॉक्टर हिमोफिलिया या रोगाचा अभ्यास करीत होता. या रोगात रक्त गोठविणारा एक घटक जन्मतःच अपुरा असतो. रोग बहुतकरून मुलग्यांना होतो आणि त्याचा दोष आईच्या बाजूने येतो. आई स्वतः बहुधा धडधाकट असते. दात पडला तर दिवसच्या दिवस रक्त थांबत नाही. मॅकफार्लेनने प्राणिसंग्रहालयातल्या सापांच्या विभागाचे प्रमुख बार्नेट यांची मदत घेतली आणि निरनिराळी विषे तपासली. त्यांत घोणसाचे विष सर्वांत सरस ठरले. दहा हजार भाग पाण्यात एक भाग विष, इतके ते पातळ केले तरी हिमोफिलियाच्या रोग्याचे रक्त काही सेकंदांत गोठे. १९३४ साली या दोघांनी हे प्रसिद्ध केले. कापसाचा बोळा त्या पाण्यात बुडवून दाताच्या खड्ड्यात धरला की रक्त थांबे. आपल्याकडे जो साप माणसाचे रक्त वाहते करतो, त्याचेच विष तिकडे वाहते रक्त थांबविण्याच्या कामी आले!

पण याहून मोठा लाभ पुढे झाला. ज्या रक्तात जन्मतः उणीव आहे, तेही या विषाने कसे गोठते? याचा अर्थ, विष मधल्या पायऱ्या ओलांडून थेट पुढच्या पायरीवर हात घालते. तेव्हा आधी पायऱ्या असल्याच पाहिजेत! अशा रीतीने एकेक घटक वेगळा ओळखता आला. १९६४ साली मॅकफार्लेनने ऑक्सफर्डहून, आणि त्याच वर्षी अमेरिकेत डेव्ही व रॅटनॉफ या दोघांनी, रक्त गोठण्याची सगळी साखळी मांडून दाखविली. एक घटक दुसऱ्याला जागा करतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी फायब्रिनचा धागा बनतो. या घटकांना आकडे दिलेले आहेत. हिमोफिलियात बहुधा आठवा उणा असतो, काहींत नववा. घोणसाचे विष मुख्यतः दहाव्याला जागे करते. शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या गुरुजनांनी ही साखळी फळ्यावर काढून दाखविली, तर आठवी-नववीच्या मुलांना ती सहज कळेल.

रक्ताच्या शास्त्राला शेतकऱ्याकडून मिळालेली आणखी एक देणगी सांगण्यासारखी आहे. १९२० नंतरच्या दशकात अमेरिका आणि कॅनडात गुरे एकाएकी रक्तस्रावाने मरू लागली. क्लोव्हर नावाचे गोड गवत ओलसर राहून कुजले आणि तेच वैरण म्हणून खाऊ घातले, की हे घडे. १९३३ सालच्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन प्रांतातला एक शेतकरी मेलेली कालवड, ते कुजके गवत आणि न गोठलेल्या रक्ताचे एक दुधाचे कॅन घेऊन, हिमवादळातून कार्ल लिंक या प्राध्यापकाच्या दारी आला. लिंक यांना त्या गवतातला दोषी पदार्थ हाती यायला सहा वर्षे लागली. त्याच कुळातले वॉर्फरिन १९४८ साली उंदराचे विष म्हणून बाजारात आले, आणि नंतर मोजक्या मात्रेत तेच माणसाचे औषध झाले. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसविलेली असते, त्यांपैकी पुष्कळांना आज ही गोळी रोज घ्यावी लागते.

तुम्ही म्हणाल, रक्त न गोठणे हा रोग, मग ते गोठू नये म्हणून औषध कशाला? तर रक्त नको तिथे गोठणे हाही तितकाच घातक प्रकार आहे. पायाच्या खोल शिरेत गाठ होते, पाय एका बाजूनेच सुजतो, पोटरी दुखते. आणि ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर माणूस एकाएकी दगावतो. जर्मनीच्या रुडॉल्फ व्हिर्शो यांनी १८५६ सालीच याची फोड केली होती. ती आज तीन कारणांच्या रूपाने शिकविली जाते: रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे, आणि रक्ताच्या घटकांतच बदल होणे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा हाड मोडून अंथरुणाला खिळलेला माणूस, बाळंतीण, कर्करोगाचा रोगी, काही प्रकारच्या संततिप्रतिबंधक गोळ्या घेणारी स्त्री, यांना हा धोका इतरांहून अधिक असतो. बाळंतिणीला महिनाभर खाटेवरून हलू द्यायचे नाही, ही आपल्याकडची काही घरांतली रीत या दृष्टीने बरी नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने लवकर हिंडू-फिरू लागावे, आणि एकच पाय सुजला तर ‘वातविकार आहे, शेकला की बरा होईल’ असे म्हणून घरी बसू नये.

इथेही आपला घोणस पुन्हा भेटतो. काही स्त्रियांचे गर्भ वारंवार पडतात. गावात त्याला नाना नावे देतात, सुनेला बोल लावतात. त्यांतल्या काहींच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिद्रव्य असते, त्यामुळे वारेच्या अभिसरणात बिघाड होतो आणि गाठीही होतात. हे प्रतिद्रव्य ओळखण्याची एक कसोटी १९८६ पासून प्रचारात आली. तिच्यात रोग्याच्या रक्तद्रवात घोणसाचे अतिपातळ केलेले विष घालून ते किती सेकंदांत गोठते हे पाहतात. आज जगभरच्या प्रयोगशाळांत ही तपासणी होते. दोष सापडला तर उपचार आहेत आणि मूल हाती लागू शकते. फुरशाचीही कथा अशीच. कोकणात ज्याने कित्येकांचे बळी घेतले त्या फुरशाच्या विषातल्या एका घटकाची घडण पाहून शास्त्रज्ञांनी टिरोफिबान नावाचे औषध रचले. १९९८ पासून ते हृदयविकारात, रक्तातल्या चकत्यांनी एकमेकींना चिकटून गाठ करू नये म्हणून, शिरेतून देतात.

परळातले काम लँब यांच्याबरोबर संपले नाही. केईएम रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. त्याच्याच आवारात १९५७ साली रक्तगटांच्या अभ्यासाचे एक केंद्र निघाले. आज ती रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे हिमोफिलियाचा दोष कोणत्या घराण्यात कसा उतरला, कोणती बहीण वाहक आहे, हे तपासता येते. नको त्या गाठी होण्याचा कल काहींच्या रक्तात का असतो, याचाही तिथे अभ्यास होतो. परळच्याच दुसऱ्या एका राष्ट्रीय संस्थेच्या, प्रजनन-आरोग्याच्या संस्थेच्या संशोधकांनी अलीकडे पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात जाऊन, आदिवासी पाड्यांतले लोक साप चावल्यावर काय करतात, काय समजतात, हे विचारून टिपून घेतले.

आणि त्याची गरजही आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणे २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने गेली. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. बहुतेक खेड्यांतली, बहुतेक दवाखान्याबाहेर, आणि निम्मी पावसाच्या चार महिन्यांत.

एवढे शास्त्र झाले, त्याचा आपल्या बांधावर उपयोग काय? तर एक काचेची नळी आणि वीस मिनिटे. घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असला की डॉक्टर रोग्याचे थोडे रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात आणि न हलविता वीस मिनिटे ठेवतात. मग नळी एकदाच आडवी करतात. रक्त दह्यासारखे लागले असेल तर ठीक; पाण्यासारखे वाहिले तर विषाने काम सुरू केले आहे आणि प्रतिविष हवे. नळी काचेचीच लागते, कारण काचेचा स्पर्श रक्ताला गोठायला चालना देतो. प्लॅस्टिकचा तसा देत नाही, आणि साबणाचा अंश राहिला तरी परीक्षा चुकते. या कसोटीला ना वीज लागते, ना यंत्र. नायजेरियात फुरशाच्या भाऊबंदांनी चावलेल्या रोग्यांवर काम करताना वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली तिचे महत्त्व दाखविले, आणि आज ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.

मात्र एक ध्यानात ठेवावे. ही परीक्षा दवाखान्यातली आहे, ओसरीवर करून पाहण्याची नव्हे. पहिल्या वेळी रक्त गोठले म्हणजे सुटलो असेही नाही; विष हळूहळू चढते, म्हणून परीक्षा पुन्हा पुन्हा करतात आणि रोग्याला निदान एक दिवस नजरेखाली ठेवतात. प्रतिविष दिल्यावरही यकृताला फायब्रिनोजेनचा नवा साठा करायला सुमारे सहा तास लागतात. तेवढा धीर धरावा लागतो.

आणि आता हे सारे कळल्यावर आपल्या जुन्या उपायांकडे पाहा. ‘चावल्या जागी ब्लेडने चीर द्या, विष वाहून जाईल,’ असे म्हणतात. ज्याचे रक्त गोठणारच नाही, त्याला चीर देणे म्हणजे स्वतःच्या हाताने त्याचा घात करणे. करकचून दोरी बांधली तर हात-पाय सडतो. मंत्र घालण्यात तीन तास गेले, तर त्या तीन तासांत कोठीतले धान्य संपलेले असते. म्हणून माणसाला धीर द्यावा, चालवू नये. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढावी. चावलेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने हलणार नाही असा ठेवावा. आणि १०८ नंबरची गाडी बोलावून किंवा मिळेल त्या वाहनाने सरळ दवाखाना गाठावा. सापाला मारीत किंवा शोधीत बसू नये. भगताविषयी ज्यांच्या मनात आदर आहे त्यांनी त्यालाही सोबत गाडीत घ्यावे. तो रोग्याला धीर देईल, पण गाडी त्याच्या दारात थांबवू नये.

शिक्षकांना आणखी एक विनंती. वर्गात एखाद्या मुलाला जरा लागले तरी मोठा काळानिळा डाग पडतो, गुडघा वरचेवर सुजतो, दात पडल्यावर रक्त थांबत नाही, असे दिसले तर त्याला आळशी किंवा नाजूक म्हणू नका. सुमारे पाच हजार मुलग्यांमागे एकाला हिमोफिलिया असतो. अशा मुलाला ॲस्पिरिनची गोळी किंवा दंडात सुई परस्पर देणे धोक्याचे आहे. आठव्या घटकाची इंजेक्शने आता उपलब्ध आहेत, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या रोगाचा समावेश झालेला आहे. आईबापांना मोठ्या सरकारी रुग्णालयाची वाट दाखवा. आईला बोल लावू देऊ नका.

लँब यांनी तपासलेले विष आपल्याच देशातल्या सापाचे होते. त्यातून निघालेले ज्ञान लंडन, ऑक्सफर्ड, अमेरिका फिरून काचेच्या एका नळीच्या रूपाने आपल्या आरोग्य केंद्राच्या टेबलावर परत आले आहे. त्या टेबलापर्यंत माणूस वेळेत पोचविणे, एवढेच काम आता उरले. आणि ते शास्त्रज्ञाचे नाही, तुमचे-आमचे आहे. या पावसाळ्यात लावणीला जाताना पायात गमबूट असू द्या, रात्री बॅटरी बरोबर ठेवा, आणि जवळच्या कोणत्या दवाखान्यात प्रतिविष मिळते हे आजच विचारून घ्या.